रोहिणीचं पाणी

बुद्ध मला पहिल्यांदा भेटला तो फोनवर. पुण्यात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, रिलीजच्या आठवड्यात झोप उडाली होती, आणि टीममधल्या एकीनं ध्यानाचं ॲप सुचवलं. रोज दहा मिनिटं. एक मऊ आवाज सांगायचा, श्वासाकडे लक्ष द्या, दुःख बाहेर कुठे नाही, ते मनात आहे. झोप सुधारली हे खरं. पण एक गोष्ट खटकत राहिली. मी ज्या घरातून आलो तिथलं दुःख बरंचसं बाहेरूनच यायचं. ते चारीतून यायचं. किंवा चारीतून काहीच न आल्यामुळे यायचं.

आमचं गाव नगर जिल्ह्यात, कालव्याच्या टेलला. आवर्तन सुटलं की वरची गावं आधी भिजवतात, उरेल ते आमचं. मी सातवीत असताना एका उन्हाळी आवर्तनात काका रात्री चारीवर राखणीला गेले आणि पहाटे डोकं फोडून घेऊन घरी आले. सात टाके पडले. मारणारे वरच्या गावचे होते. वरचं गाव म्हणजे माझ्या आईचं माहेर. त्या दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. पुढची दोन वर्षं आम्ही मामाकडे गेलो नाही.

म्हणूनच धर्मानंद कोसंबींचं 'भगवान बुद्ध' वाचताना शाक्य आणि कोलियांच्या पाण्याच्या भांडणापाशी मी अडकलो.

आपल्याला शाळेपासून माहीत असलेली गोष्ट वेगळी आहे. राजवाड्यात वाढलेला राजपुत्र रथातून बाहेर पडतो. त्याला एक म्हातारा दिसतो, एक आजारी माणूस, एक प्रेत आणि शेवटी एक संन्यासी. मग मध्यरात्री झोपलेल्या बायको-मुलाकडे एकदा बघून तो घोड्यावर बसून निघून जातो. अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'सारख्या काव्यांनी ही गोष्ट रंगवली आणि चित्रांनी, नाटकांनी ती घरोघर पोचवली. गोष्ट सुंदर आहे. पण जरा विचार केला तर प्रश्न पडतो. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर एकही म्हातारा पाहिला नव्हता? त्याचे वडील म्हातारे होत नव्हते?

हा प्रश्न आपल्याकडे ज्यानं नेटानं विचारला, तो माणूस स्वतः घर सोडून गेलेला होता. कोसंबींचा जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. 'बालबोधमेवा' नावाच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ते त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. १८९९ मध्ये बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेत पोचले, १९०२ मध्ये भिक्षू झाले, पाली शिकले. पुढे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली, हार्वर्डला 'विशुद्धिमग्गा'च्या संपादनाचं काम केलं. अशा माणसानं सिद्धार्थानं घर का सोडलं हे शोधणं म्हणजे नुसतं संशोधन नसणार.

त्यांनी थेट पाली ग्रंथ उघडले. रथातून दिसलेल्या दृश्यांची गोष्ट 'दीघनिकाया'त आहे, पण ती गौतमाची नाही. विपस्सी नावाच्या, परंपरेनं फार पूर्वी होऊन गेला असं मानलेल्या बुद्धाची ती गोष्ट आहे. ती गौतमाला नंतर चिकटली. 'मज्झिमनिकाया'तल्या अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतःबद्दल सांगतो तेव्हा त्यात मध्यरात्र नाही आणि घोडाही नाही. आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत त्यानं केस-दाढी काढली आणि घर सोडलं, एवढंच आहे.

मग कारण काय? कोसंबींनी बोट ठेवलं 'सुत्तनिपाता'तल्या अत्तदंड सुत्तावर. तिथे बुद्ध सांगतो की माणसं हत्यार उचलतात आणि त्यातून भय जन्मतं. आटत चाललेल्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसं एकमेकांच्या विरोधात तडफडताना त्यानं पाहिली आणि तो हादरला. कोसंबींनी याची सांगड रोहिणी नदीशी घातली. या नदीच्या एका काठाला शाक्य, दुसऱ्या काठाला कोलिय, आणि पाण्यावरून दोघांची भांडणं. विशेष म्हणजे दोन्ही कुळं सोयरी. परंपरा सांगते की सिद्धार्थाची आई महामाया कोलियांकडचीच.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं. आईचं ते स्वयंपाकघर आठवलं.

कोसंबींचा हा निष्कर्ष तर्कानं काढलेला आहे, आणि तो तसाच वाचायला हवा. पाली अट्ठकथांमध्ये रोहिणीचं भांडण येतं ते बुद्धत्वानंतर. ज्येष्ठ महिना, नदी आटलेली, पिकं माना टाकणारी. दोन्हीकडचे मजूर आधी पाण्यावरून भांडतात, मग एकमेकांच्या कुळांचा उद्धार करतात, आणि प्रकरण सैन्यापर्यंत जातं. बुद्ध मध्ये उभा राहून विचारतो, भांडण कशावरून? राजांना सांगता येत नाही. खालच्या अधिकाऱ्यांनाही माहीत नसतं. विचारत विचारत मजुरांपर्यंत गेल्यावर उत्तर मिळतं: पाण्यावरून. मग तो विचारतो, पाण्याची किंमत जास्त की माणसांच्या रक्ताची?

कोसंबींचा धागा सर्वांत पुढे नेला तो बाबासाहेब आंबेडकरांनी. शाळकरी वयात कृष्णाजी अर्जुन केळूसकरांनी त्यांना आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी धम्म स्वीकारला, ६ डिसेंबरला ते गेले, आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ मध्ये, त्यांच्या मागे प्रसिद्ध झालं. त्यांच्या सिद्धार्थाचं वय या भांडणाच्या वेळी अठ्ठावीस आहे. आज माझं आहे तेवढंच. तो शाक्य संघाचा सभासद आहे. संघ कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव आणतो, तो विरोध करतो, बहुमतात हरतो. मग त्याच्यासमोर पर्याय येतात: सैन्यात ये, किंवा देहदंड वा देशत्याग पत्कर, नाहीतर तुझ्या कुटुंबावर बहिष्कार आणि मालमत्तेची जप्ती. तो देश सोडायचं ठरवतो. शब्द बघा: बहिष्कार. तो काय असतो हे बाबासाहेबांना ग्रंथांतून शिकायची गरज नव्हती.

याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न विचारले. पहिला याच गृहत्यागाचा. दुसरा चार आर्यसत्यांचा: दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचा निरोध होतो, निरोधाचा मार्ग आहे. माझ्यासारख्याला ही मांडणी लगेच आवडते. बग आहे, मूळ कारण आहे, तो सुटतो, सोडवायच्या पायऱ्या या. बाबासाहेबांची हरकत अशी की जन्म दुःख, जरा दुःख, मरण दुःख, पुन्हा जन्म दुःख असं असेल तर माणसाला आशा कुठली? ही आर्यसत्यं मूळ शिकवणीतली की भिक्षूंनी नंतर घातलेली?

या प्रश्नाशी मी बरेच दिवस झगडलो. कारण आर्यसत्यांत दुःखाचं कारण तृष्णा आहे आणि तृष्णा मनात असते. मग ॲपवरचा आवाज बरोबर ठरतो, आणि काकांचे टाके त्यांच्याच तृष्णेचे.

वाट दिसली ती पुन्हा 'दीघनिकाया'तच, महानिदान सुत्तात. तिथे तृष्णेपासून एक साखळी निघते. तृष्णेमुळे शोधाशोध, शोधामुळे लाभ, लाभातून वाटणीचा निवाडा, मग ओढ, आसक्ती, ताबा, कंजुषी. कंजुषीतून येते 'आरक्खा'. आणि आरक्खेतून काठ्या, शस्त्रं, भांडणं, शिवीगाळ. 'आरक्खा' हा शब्द मी दोनदा वाचला. आमच्याकडे त्याला राखण म्हणतात.

म्हणजे मनातली तृष्णा आणि चारीवरची काठी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच साखळीची ही दोन टोकं. जुन्या गोष्टीनं आपल्याला एकच टोक दाखवलं. कोसंबी आणि बाबासाहेबांनी दुसरं टोक उचलून धरलं.

मार्गाचंही तसंच. अष्टांगिक मार्गाची आठ अंगं: सम्यक दृष्टी, संकल्प, वाचा, कर्मान्त, आजीव, व्यायाम, स्मृती, समाधी. माझ्या ॲपमध्ये शेवटची दोनच होती. वाचा, कर्मान्त आणि आजीव एकट्यानं डोळे मिटून पाळता येत नाहीत. त्यांना समोर दुसरा माणूस लागतो. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा व्यापार उपासकानं करू नये, असं 'अंगुत्तरनिकाया'त स्पष्ट आहे. दुःखनिरोधाच्या वाटेवर पोट कसं भरता हेही विचारलं जातं.

बाबासाहेबांच्या पुस्तकात सिद्धार्थ निघून गेल्यावर युद्ध टळतं. तशी बातमी येते. त्यानं आता घरी परतायला हरकत नसते. तो परतत नाही, कारण त्याला कळतं की हे एक भांडण मिटलं तरी माणसामाणसांतला, वर्गावर्गातला झगडा संपलेला नाही. त्या झगड्याचं मूळ त्याला शोधायचं असतं. बोधीच्या दिशेनं जाणारा माणूस तिथून निघतो.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा काकांना त्या रात्रीबद्दल विचारलं. आता ते साठीचे आहेत, टाक्यांची खूण केसांत लपली आहे. ते हसले.

"अरे, त्या रात्री पाणी आलंच नव्हतं. वर कुठंतरी कालवा फुटला होता, म्हणून बंद केलेलं. आम्हाला ते सकाळी कळलं."

"मग मारामारी कशावरून झाली?"

काका थोडा वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या मामाला विचार. त्याला आठवत असेल."