मोजमापातून कर्करोगाचा शोध

क्ष-किरणांनी माणसाच्या शरीराचे अंतरंग प्रथम दृष्टीस आणले. परंतु त्यांत हाडांची छाया जितकी स्पष्ट उमटते, तितकी मऊ अवयवांची उमटत नाही. कर्करोगाच्या गाठी तर बहुधा मऊ अवयवांतच दडलेल्या असतात. छाया पाहण्याऐवजी पेशीजालाचा एखादा गुणधर्मच मोजला, तर रोगी व निरोगी यांतील भेद कळेल काय? हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर उराशी बाळगला, अशा शास्त्रज्ञांत जॉन मॅलार्ड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

मॅलार्ड यांचा जन्म इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टन येथे १९२७ साली झाला. त्यांचा मूळ विषय भौतिकशास्त्र. पण त्यांची कर्मभूमी ठरली ती रुग्णालय. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात असताना १९६४ साली त्यांनी केंट यांच्यासह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. गाठीतील पेशीजालाचा चुंबकीय अनुनाद निरोगी पेशीजालाहून निराळा असतो, असे त्यांना आढळले होते. तो अनुनाद इलेक्ट्रॉनांचा होता. पुढे १९७१ साली अमेरिकेत रेमंड डमाडियन यांनी अणुकेंद्रांच्या अनुनादाने उंदरांच्या गाठी तपासल्या आणि तसाच भेद दाखवून दिला.

या मोजमापाचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. शरीरात पाणी विपुल आहे व पाण्यात हायड्रोजन आहे. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची अणुकेंद्रे एक विशिष्ट कल धरतात. रेडिओलहरींनी तो कल ढळविला, की ती हळूहळू पूर्वस्थितीस येतात. त्यास जो वेळ लागतो, तो विश्रांतिकाल. गाठीत मोकळे पाणी अधिक असल्याने हा काळ बहुधा लांबतो.

१९६५ साली मॅलार्ड ॲबर्डीन विद्यापीठात वैद्यकीय भौतिकीचे प्राध्यापक झाले होते. अनुनादापासून चित्र कसे मिळवावे, हे अमेरिकेत पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली दाखविले. दुसऱ्याच वर्षी ॲबर्डीनच्या मंडळीने एका मृत उंदराचे चित्र घेतले. मोडलेल्या मानेभोवतीची सूज त्यात स्पष्ट दिसली. सूज म्हणजे साचलेले पाणी; म्हणून विश्रांतिकालाच्या मापनाला ती सापडली.

यानंतर संपूर्ण माणूस मावेल असे यंत्र त्यांनी बांधले. जिवंत माणूस श्वास घेतो, हालतो, आणि त्यामुळे चित्र बिघडते. जेम्स हचिसन, विल्यम एडलस्टाइन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० साली शोधलेल्या पद्धतीने ही अडचण बरीच दूर झाली. आजच्या एमआरआय तपासणीचा पाया बव्हंशी तीच पद्धत आहे. २८ ऑगस्ट १९८० रोजी एका कर्करुग्णाची तपासणी झाली. छातीतील मूळ गाठ दिसलीच. शिवाय यकृतात व हाडांत पसरलेला रोगही दिसला. त्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र अवघे ०.०४ टेस्ला होते. आजच्या रुग्णालयांत १.५ वा ३ टेस्लाची यंत्रे रूढ आहेत.

परंतु केवळ एका आकड्यावरून कर्करोग ओळखण्याची आशा मात्र पुरी झाली नाही. साध्या दाहानेही विश्रांतिकाल लांबतो. शिवाय क्षेत्राची प्रबलता बदलली की तो आकडाही बदलतो. एका रुग्णालयाचे माप दुसऱ्याच्या मापाशी ताडून पाहणे त्यामुळे कठीण झाले. वैद्यांनी आकडा बाजूस ठेवून डोळ्यांनी चित्र वाचण्यावरच भिस्त ठेवली.

तरी मोजमापाचा विचार मावळला नाही. पुढील संशोधकांनी पेशीजालातील पाण्याच्या कणांचा संचार मोजला. दाट गाठीत तो कोंडतो. औषधाने पेशी मरू लागल्या, की पुन्हा मोकळा होतो. कित्येकदा गाठ आकाराने लहान होण्यापूर्वीच हा बदल दिसून येतो. निरुपयोगी औषधाचे हाल सोसणाऱ्या रुग्णाला ते काही आठवडे किती मोलाचे असतात, हे सांगावयास नकोच. हा आकडा विश्वासार्ह ठरावा म्हणून ज्ञात गुणधर्मांच्या द्रवांनी यंत्रे पारखण्याचे काम आज चालू आहे.

२००३ चे नोबेल पारितोषिक लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना मिळाले. डमाडियन यांनी वृत्तपत्रांत जाहिराती देऊन जाहीर निषेध केला. त्या मानकऱ्यांत मॅलार्ड यांचेही नाव नव्हते. २०२१ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांचा मूळ प्रश्न अनेक देशांच्या प्रयोगशाळांतून विचारला जात होता.