माढ्याची मेंढी मेरिनो का झाली नाही

गेल्या डिसेंबरात मी साडेतीन हजार रुपयांचा एक टी-शर्ट घेतला. काळा, पूर्ण बाह्यांचा, मेरिनो लोकरीचा. हिंजवडीचं ऑफिस, तिथपर्यंतची बाईक, आतला एसी आणि संध्याकाळी कुणाला भेटायचं असेल तर तसंच पुढे जाणं, या सगळ्याला चालेल असा एकच कपडा मी बरेच दिवस शोधत होतो. सुती कपडा घामाने अंगाला चिकटतो. पॉलिएस्टरचा दुपारपर्यंत वास मारायला लागतो. हा टी-शर्ट मी सलग चार दिवस घातला आणि शेजारी बसणाऱ्याने तक्रार केली नाही, एवढं त्याचं कौतुक पुरेसं आहे.

संक्रांतीला तोच घालून गावी गेलो. आमचं गाव माढा तालुक्यात, भीमेच्या अंगाला. आज्जीने बाहीला हात लावला, चिमटीत धरून पाहिली.

"कशाचा हाय रं?"

"लोकरीचा."

"ही लोकर? टोचंना की!"

आज्जीच्या दृष्टीने लोकर म्हणजे टोचणारच. जी टोचत नाही ती लोकर कसली? तिच्या या एका वाक्याने मी जो शोध सुरू केला, तो माढ्याहून स्पेनला, तिथून सिडनीला आणि परत फलटणला येऊन थांबला.

आधी आज्जीची लोकर. आमच्या घरात एक घोंगडी आहे, आजोबांची. आजोबा गेले तेव्हा मी सहावीत होतो, पण त्यांचं चित्र डोळ्यांसमोर येतं ते घोंगडीसकटच. थंडीत खांद्यावर, पावसात डोक्यावर खोळ करून, दुपारी बांधावर अंथरून, रात्री पाणी धरायला गेल्यावर अंगाभोवती गुंडाळून. पाव्हणे आले की हीच झटकून बैठकीला. लग्नाची बोलणीही तिच्यावर आणि भजनही तिच्यावर. आजकाल कपड्यांच्या जाहिरातीत 'कुठेही, कधीही' असं लिहिलेलं असतं. आजोबांनी ती जाहिरात न वाचता एका कपड्यात चाळीस वर्षं काढली. फरक एवढाच की आतून बंडी असायची. घोंगडी उघड्या अंगावर कुणी घेत नाही. घेतली तर अंगभर टोचते. ती टोचते म्हणून रक्त फिरतं, असं वर पुन्हा सांगायचे.

ही घोंगडी ज्या मेंढीची, ती दख्खनी मेंढी. बहुतेक काळी, काटक, पायांनी लांब. सोलापूर, सातारा, सांगली, नगर, पुणे या कोरड्या पट्ट्यात धनगरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पाऊस उघडला की कळप चालायला लागतात, शेकडो किलोमीटर, आणि वाटेत शेतकऱ्याच्या रानात बसतात. मेंढरं रानात बसवली की लेंड्या-मुताचं खत मिळतं, बदल्यात मेंढक्याला धान्य किंवा पैसे. कातरायच्या आधी मेंढरं नदीत किंवा ओढ्यात धुतात. कातरलेली लोकर धनुकलीने पिंजायची, धनगराच्या घरातल्या बायकांनी चरख्यावर सूत काढायचं आणि ते सणगराच्या मागावर जायचं. सणगर हे घोंगडी विणणारे. १८८४ च्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही त्यांची नोंद याच धंद्यासाठी आहे. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ लावून कुंच्याने ती सारखी करायची, मग खड्ड्यातल्या मागावर विणायचं. सोलापूर म्हटलं की आपल्याला चादर आठवते, १८७७ ला सुरू झालेली जुनी गिरणी आठवते. पण तो सगळा कापसाचा इतिहास. गिरणीचा भोंगा वाजायच्या कितीतरी आधीपासून इथल्या रानात लोकर कातली जात होती.

आता टोचण्याकडे येऊ. लोकरीचा तंतू किती जाड आहे ते मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माझ्या टी-शर्टच्या लेबलवर १८.५ लिहिलंय. दख्खनी मेंढीची लोकर साधारण ५० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ माणसाच्या बारीक केसाइतकी. तीसच्या वरचा तंतू कातडीला टेकला की वाकत नाही, त्याचं टोक रुततं, आणि मज्जातंतू 'टोचलं' असा निरोप धाडतात. बारीक तंतू वाकून जातो. आज्जीला जे चिमटीत कळलं ते हेच. बाकी गुण दोन्हींत आहेतच: लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा आत घेते आणि तरी ओली लागत नाही, घामाचा वास धरून ठेवते पण चटकन बाहेर सोडत नाही. आजोबांची घोंगडी वर्षात एकदा धुतली जायची. त्यात काही घाण नव्हतं, लोकरीचा स्वभावच तो.

आणि एक गंमत. धनगरांकडेही मऊ लोकर होती. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ. माणसाच्या पोराच्या पहिल्या केसांना जो शब्द, तोच. जावळाची घोंगडी सगळ्यांत महाग, सगळ्यांत हलकी. ती लेकीला, जावयाला द्यायची. म्हणजे मऊपणाची किंमत आपल्याकडे माहीत होती. फक्त तो मऊपणा मेंढीच्या आयुष्यात एकदाच मिळायचा.

मेरिनोला तो आयुष्यभर मिळतो. ही मेंढी स्पेनची. तिथे १२७३ साली राजाने मेंढपाळांच्या संघाला, म्हणजे मेस्ताला, सनद दिली. त्यांचे कळपही आपल्या धनगरांसारखेच उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरात आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या मैदानात चालत जायचे. त्यांच्या वाटा मात्र कायद्याने राखलेल्या होत्या. कुणी नांगर घालायचा नाही. (हे वाचताना मला आमच्या बांधावरची भांडणं आठवली.) मेरिनो देशाबाहेर न्यायला कडक बंदी होती. अठराव्या शतकात ती ढिली झाली. १७६५ ला स्पेनच्या राजाने सॅक्सनीला मेंढ्या भेट दिल्या, १७८६ ला फ्रान्सच्या राजाने रॅम्बुये इथे कळप आणला, आणि १७९७ ला आफ्रिकेच्या टोकावरून काही मेरिनो सिडनीला उतरल्या. तिथल्या मोकळ्या कुरणांत जॉन मॅकार्थरसारख्या लोकांनी त्या वाढवल्या. पुढच्या शंभर वर्षांत ऑस्ट्रेलिया हा लोकरीचा देश झाला.

इंग्रजांच्या गिरण्यांना बारीक लोकर हवी होती आणि हिंदुस्थानात मेंढ्या भरपूर होत्या. मग १८३० च्या दशकात कंपनीच्या मुंबई सरकारने मेरिनो मेंढे आणून दख्खनच्या मेंढ्यांशी संकर करून पाहिला. काही वर्षांत तो प्रयोग बारगळला. निलगिरीत मात्र त्याच शतकात टास्मानियातल्या मेरिनोचं रक्त स्थानिक मेंढीत मिसळून 'निलगिरी' ही जातच उभी राहिली. का? तर तिथे थंडी आहे, धुकं आहे, बारा महिने हिरवं आहे.

स्वातंत्र्यानंतर हेच पुन्हा. राजस्थानात अविकानगरला १९६२ मध्ये केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था निघाली. तिथे चोकला आणि नाली या मेंढ्यांत परदेशी रक्त घालून 'भारत मेरिनो' तयार झाली. पण तिचा कळप पुढे कुठे रमला? तमिळनाडूत कोडाईकनालजवळच्या मन्नवनूरला, पुन्हा थंड डोंगरात. आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनीचा मेरिनोशी आणि डॉरसेटशी संकर झाला. लोकर बारीक झाली, हे खरं. पण बारीक आणि दाट लोकर अंगावर वागवायची तर मेंढीला तसं खायला लागतं. एप्रिलमध्ये माढ्याच्या माळावर काय असतं? बाभळीच्या शेंगा आणि वाळकी कुसळं. पारा चाळिशीच्या वर. त्यात रोज चालायचं. दाट लोकरीत कुसळं अडकतात, ओल धरते. शिवाय मेरिनोचं अंग पांढरं आणि घोंगडीचा बाजार काळ्याचा. धनगराने हे सगळं एका नजरेत ओळखलं असणार. १९९० नंतर विद्यापीठातलं कामही शुद्ध दख्खनी निवडून सुधारण्याकडे वळलं. दीडशे वर्षं चाललेल्या या खटाटोपाला मराठीत आधीपासूनच शब्द आहे: भिजत घोंगडं.

मला वाटतं चूक मेरिनोची नव्हती आणि दख्खनीचीही नव्हती. प्रत्येक सरकारने विचारलं, की ही मेंढी गिरणीला काय देईल? ती ज्या माळावर उभी होती तो माळ काय देईल, हे विचारायचं राहून गेलं.

आणि मग गोष्टीला एक वळण लागतं, ज्यावर मी अजूनही खूश आहे. १७९२ आणि १७९३ साली कलकत्त्याहून सिडनीला काही ठेंगण्या मेंढ्या बोटीने गेल्या होत्या. त्या बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ. लोकरीच्या दृष्टीने फालतू, पण एका वेताला दोन-दोन, तीन-तीन कोकरं देणाऱ्या. त्यांचं रक्त तिथल्या मेरिनोत मिसळून हरवलं, असं सगळे धरून चालले होते. दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या 'बुरूला' नावाच्या फार्मवर मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी द्यायला लागल्या तेव्हा शोध सुरू झाला. २००१ च्या सुमारास जनुक सापडला, आणि तो बंगालच्या गरोळमध्येही तसाच निघाला. म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या लोकरीच्या मेंढीत आपली एक अनाम मेंढी दोनशे वर्षं लपून बसली होती.

तोवर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळ मेंढ्या आणून दख्खनीशी संकर सुरूही केला होता. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जुळ्यांचा जनुक दख्खनीत उतरवला, त्यातून 'नारी सुवर्णा' हा वाण आला. फलटणहून माढा फार लांब नाही. तर मेरिनोमुळे प्रसिद्ध झालेली गोष्ट शेवटी आमच्या भागात आली, पण लोकरीसाठी नाही. जास्त कोकरं, म्हणजे जास्त मटण.

कारण लोकरीचा हिशोब आता जमतच नाही. माढ्याजवळ भीमेवर उजनी धरण झालं, १९८० मध्ये पूर्ण झालं. पाणी आलं, ऊस आला आणि माळ गेला. माझ्या वडिलांचं शिक्षण त्या उसावर झालं, माझंही. त्यामुळे मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मेंढरं बसवायला रिकामं रान उरलं नाही, आणि पंपाच्या कोठीत पाणी धरायला जाणारा माणूस आता जाकीट घालतो. गावोगाव फिरून घोंगड्या विकणारे दिसेनासे झाले. उरलेले मेंढपाळ जतकडचा माडग्याळ मेंढा आणतात. अंगाने मोठा, वजनाला भारी, लोकर नावापुरती.

दुसरीकडे आपल्या सुटा-बुटाच्या गिरण्या. ठाण्यात १९२५ ला सुरू झालेली रेमंडची गिरणी सुरुवातीला जाड ब्लँकेटं काढायची. पुढे बारीक सुटिंगसाठी ऑस्ट्रेलियाची मेरिनो आली. विंचरून, तंतू सरळ करून केलेल्या लोकरीच्या पेळूला गिरणीत 'टॉप' म्हणतात. मी अंगात घालायचा टॉप शोधत होतो आणि वाचताना पहिल्यांदा हा टॉप सापडला. २९ डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार लागू आहे, आणि त्यात तिथल्या लोकरीवरचं आयात शुल्क निघालं. आपल्या मेंढीची लोकर मात्र गावाच्या वेशीपर्यंतही जात नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मोकळ्या रानात एक कळप बसला होता. मेंढके मामा ओळखीचे, दरवर्षी येतात. मी विचारलं, "मामा, कातरलेली लोकर कुणाला देता?"

"कुणाला देणार? कातरणाऱ्याला द्यावं लागतंय तेवढंबी तिचं येत न्हाई."

"मग?"

"बांधावर टाकतो. न्हाईतर खड्ड्यात. कातरावं तर लागतंयच की, उन्हाळ्यात जनावर मरंल."

त्यांना माझा टी-शर्ट दाखवला. किंमत सांगितली नाही, धीर झाला नाही. त्यांनी बाही चोळून पाहिली. म्हणाले, "जावळ हाय हे."

मी म्हणालो, नाही, मोठ्या मेंढीचं आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शहरात राहून पोरगं बिघडलं, असं ते बघणं होतं.

निघताना त्यांनी एका सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात त्या वर्षीचं जावळ भरून दिलं. काळं, मधे एखादी तांबूस बट. पैसे घेतले नाहीत. "कुणी कातणारं भेटलं तर बघ," म्हणाले, "आमच्या घरात आता चरखा न्हाई." पुण्यात आल्यावर मी विचारत राहिलो. हातमागाची हौस असलेल्या एका मैत्रिणीने थोडं कातून पाहिलं, गाठी झाल्या. पिंजल्याशिवाय जमणार नाही, ती म्हणाली, आणि धनुकली आणायची कुठून?

आज्जीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, माझ्या चुलतसासूकडं होती एक, पण ती चुलीत गेली असंल.

पोतं बाल्कनीत आहे. टी-शर्ट कधीही हुंगा, वास येत नाही. बाल्कनीचं दार उघडलं की, विशेषतः पावसात, सगळा हॉल मेंढरांच्या वासाने भरतो. रूममेट दोनदा बोललाय. मी त्याला म्हणालो, दसऱ्यापर्यंत थांब.