चार्जर की जीप? दोघींची घराणी मुंबईत उतरली, गावापर्यंत एकच पोचली

मोबाइलच्या वॉलपेपरवर डॉज चार्जर आणि नांदेड-नरसी रोडवर काळी-पिवळी जीप. आपल्या नायगावच्या पोरांना दोन्ही पाठ आहेत. आजच्या भागात या दोघींची तुलना करू. पण खरा प्रश्न टॉप स्पीडचा नाही. दोन्ही घराणी अमेरिकन, दोन्ही मुंबईत उतरली, मग आपल्यापर्यंत जीपच का आली?

आधी आकडे. १९६८ ची हेमी इंजिनवाली चार्जर म्हणजे सात लिटर, आठ सिलिंडर आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे ४२५ हॉर्सपॉवर. लांबी सव्वापाच मीटरच्या वर. त्या काळातली आपली सीजे-३बी जीप म्हणजे २.२ लिटर, चार सिलिंडर, सुमारे ७० हॉर्सपॉवर, लांबी ३.३ मीटर. कागदावर सामना एकतर्फी आहे. पण पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण समोर आली की निकाल फिरतो. जीपच्या चारही चाकांना ताकद मिळते, लो गिअर टाकला की ती हळूहळू का होईना, चिखलातून निघते. चार्जर बनली गुळगुळीत सरळ रस्त्यासाठी. जीपचा जन्मच दुसऱ्या महायुद्धातला, रस्ता नसेल तिथं जायसाठी.

आता इतिहास. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. क्रायस्लरशी करार केला आणि कुर्ल्यात डॉज, प्लिमथ गाड्यांची जुळणी सुरू झाली. १९४७ च्या सुमारास महिंद्रानं मुंबईतच विलीज जीपची जुळणी हाती घेतली. तेव्हा आपलं नांदेड अजून निजामाच्या राज्यात होतं बरं का!

मग १९५३ मध्ये सरकारनं धोरण बदललं. नुसते सुटे भाग आणून जोडायचे, हे चालणार नाही. गाडी इथंच बनवा. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. प्रीमियरनं छोट्या फियाटवर भर दिला. तीच पुढे पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. म्हणजे १९६४ नंतर अमेरिकेत मसल कारचं पेव फुटलं, तेव्हा आपल्याकडे तिचं दार बंद होतं. तिकडेही प्रदूषणाचे नियम, महागडा विमा आणि १९७३ चं तेलसंकट यांनी तिचा दम काढला.

जीपचं उलटं झालं. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ मध्ये थांबली, महिंद्रानं मात्र ती पुढेही बनवली. नंतर जीपमध्ये प्युजोचं डिझेल इंजिन आलं आणि खर्च आटोक्यात आला. शिवाय बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं. गावातला मेस्त्री पाना घेऊन काम भागवतो. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर ओपन सोर्स गाडी!

म्हणून आपल्याकडे ट्रॅक्स असो की कमांडर, माणूस म्हणतो, “जीपनं आलो.” कंपनीचं नाव कधीच मागं पडलं. २०१० मध्ये आलेली थारही याच घराण्यातली.

मला विचाराल तर ४२५ हॉर्सपॉवर ही ताकद आहेच. पण दहा माणसं, दोन पोती आणि एक बाळंतीण तालुक्याला वेळेत पोचवणं, ही त्याहून मोठी ताकद आहे. तिचा आकडा कुठल्या ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

आज घरी आजोबांना एवढंच विचारा: गावात पहिली जीप कुणाची होती? उत्तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!