एकाच तारेवरून दुहेरी संवाद : डायल-अप मोडेम आणि प्रतिध्वनी

घरातील दूरध्वनी आणि टेलिफोन एक्सचेंज यांच्यामध्ये तारांची एकच जोडी असते. जाणारा आणि येणारा, असे दोन्ही संदेश तिच्यावरूनच वाहतात. लांब पल्ल्याच्या मार्गावर मात्र दोन्ही दिशा वेगळ्या केल्या जातात. हे काम ‘हायब्रीड’ नावाचे मंडल करते. प्रत्येक तारेची लांबी व गुणधर्म निराळे असल्याने ही विभागणी काटेकोर होत नाही आणि संदेशाचा काही अंश प्रतिध्वनीच्या रूपाने पाठवणाऱ्याकडेच परततो. बोलताना तो सहसा जाणवत नाही. मोडेमच्या बाबतीत मात्र दुरून आलेला क्षीण संदेश त्यात बुडून जाण्याचा धोका असतो.

यावरील पहिला उपाय वारंवारतेच्या विभागणीचा होता. १९६२ मधील ‘बेल १०३’ मोडेममध्ये कॉल करणारी बाजू १०७० व १२७० हर्ट्झ, तर उत्तर देणारी बाजू २०२५ व २२२५ हर्ट्झ वापरत असे. त्यामुळे स्वतःचा प्रतिध्वनी गाळून टाकणे सोपे होते. परंतु दूरध्वनीचा सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा दोघांत वाटला गेल्याने वेग सेकंदाला ३०० बिट इतकाच राहिला.

१९८४ च्या ‘व्ही.३२’ मानकाने ही वाटणी रद्द केली. दोन्ही मोडेम एकाच वेळी संपूर्ण पट्टा वापरू लागले आणि वेग ९६०० बिटवर पोहोचला. आपण काय पाठवले, हे मोडेमला ठाऊक असते. जोडणीच्या आरंभी दुसरी बाजू शांत असताना तो आपला प्रतिध्वनी मोजतो, त्याची प्रतिकृती तयार करतो आणि येणाऱ्या संदेशातून ती वजा करतो. जोडणीच्या वेळच्या परिचित कर्कश आवाजात या सरावाचाही भाग असे. भूस्थिर उपग्रहामार्गे जोडणी झाल्यास दूरचा प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाहून अधिक उशिराने येतो. त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागते.

दूरध्वनी यंत्रणेतील प्रतिध्वनीरोधक एका वेळी एकच दिशा खुली ठेवत. उत्तर देणारा मोडेम २१०० हर्ट्झचा सूर काढून त्यांना निष्क्रिय करी.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तीही डायल-अप जोडणीद्वारे. १९९८ च्या ‘व्ही.९०’ मानकाने ग्राहकाकडे येणाऱ्या माहितीचा कमाल वेग ५६ हजार बिटपर्यंत नेला. ब्रॉडबँड आल्यावर हे मोडेम मागे पडले. प्रतिध्वनी वजा करण्याचे तत्त्व मात्र तांब्याच्या तारांवरील गिगाबिट इथरनेटमध्ये आजही वापरले जाते.