तापल्यावर बंद पडणारी जुनी मोटार : बिघाड कसा ओळखावा

ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या सेवेतून निवृत्त झाली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील खासगी पद्मिनी आणि १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मारुती ८०० मात्र गोव्याच्या रस्त्यांवर अधूनमधून आजही दिसतात. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले. त्यात चुकीच्या निदानापायी अनावश्यक सुटे भाग बदलले गेले, तर गाडी भंगारात काढण्याचा विचार लवकरच बळावतो.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांची सर्वांत परिचित तक्रार म्हणजे चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना इंजिन बंद पडणे आणि अर्ध्या तासाने काहीच न घडल्यासारखे पुन्हा सुरू होणे. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असतो. उष्णतेने त्यातील पेट्रोलची वाफ होते व पंप ती पुढे ढकलू शकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. मुंबईचे टॅक्सीचालक पंपावर ओले फडके ठेवत, ते यासाठीच.

तथापि दुबळी झालेली इग्निशन कॉइल आणि सदोष कंडेन्सर हेदेखील तापल्यावरच दगा देतात आणि थंड होताच पूर्ववत चालतात. त्यामुळे ‘थंड झाल्यावर सुरू झाली’ एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. खरी परीक्षा गाडी बंद असतानाच करावी लागते. एक प्लग काढून तो आपल्या वायरला जोडावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारण्यास सांगावे. वायर हाताने न धरता रबरी मुठीच्या पकडीने धरावी. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र ही चाचणी मुळीच करू नये. ठिणगी निळी व जोरकस असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला शोधावा. ती पिवळट, क्षीण असेल किंवा पडतच नसेल, तर कॉइल, कंडेन्सर व पॉइंट तपासावेत. पॉइंट वारंवार जळून काळे पडत असतील तर केवळ पॉलिश पेपर मारून भागत नाही. संशयाची सुई कंडेन्सरकडेच वळते.

नंतरच्या इंजेक्शनच्या मारुतीत पंप विजेवर चालतो. चावी फिरवताच टाकीकडून क्षणभर येणारी घरघर ऐकू आली नाही, तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत. मारुतीचा सेल्फ नेहमीपेक्षा हलका व वेगाने फिरू लागला आणि इंजिन दाद देत नसेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता मोठी. अशा वेळी पुन्हापुन्हा सेल्फ मारू नये.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्यांकडे विशेष लक्ष हवे. इथेनॉल जुने रबर फुगवते, ठिसूळ करते आणि हवेतील ओलावाही शोषून घेते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीत हा त्रास अधिक. भेगाळलेली नळी तापलेल्या इंजिनावर गळणे म्हणजे आगीला आमंत्रण. इथे काटकसर नको.

ब्रेकच्या बाबतीतही तेच. पेडल दाबून धरल्यावर सावकाश खाली जात असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरची आतील रबरे झिजलेली असतात. पेडल स्पंजासारखे लागले तर नळ्यांत हवा शिरलेली असते. ब्रेक ऑइल ओलावा शोषते आणि लांब उतारावर तापून त्याची वाफ झाली की पेडल निकामी होते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे.

किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत एक साधा दोष हमखास फसवतो. दिवे मंद, सेल्फ जड, म्हणून नवी बॅटरी घेतली जाते आणि चार दिवसांत तक्रार परत येते. बॅटरीपासून बॉडीला व बॉडीपासून इंजिनाला जाणाऱ्या अर्थच्या पट्टीखाली गंज साचलेला असतो. आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवावी, पट्टीचे टोक व खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा, घट्ट आवळावा आणि वरून ग्रीसचा हात फिरवावा.