कर्ली, जॅक

कर्ली, जॅक : (४ जुलै १८७६ – १२ जुलै १९३७). अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचा एक आद्य संयोजक. मूळ आडनाव शूल. जन्म सॅन फ्रॅन्सिस्को येथे. तरुणपणी तो शिकागोला आला आणि तेथील मुष्टियुद्धाच्या क्षेत्रात शिरून लढतींच्या आयोजनाचा व्यवसाय शिकला. कुस्ती ही दोन मल्लांमधील बलपरीक्षा न राहता संयोजकाने बेतलेला मनोरंजनाचा कार्यक्रम कशी बनली, हे त्याच्या कारकीर्दीवरून स्पष्ट होते.

एस्टोनियात जन्मलेला विख्यात मल्ल जॉर्ज हाकेनश्मिट याच्या अमेरिकेतील दौऱ्याची व्यवस्था कर्लीकडे होती. ४ सप्टेंबर १९११ रोजी शिकागो येथे हाकेनश्मिट व जगज्जेता फ्रँक गॉच यांची दुसरी लढत झाली. सु. ३०,००० प्रेक्षक उपस्थित होते आणि सु. ८७,००० डॉलर उत्पन्न झाले. तथापि गुडघ्याच्या दुखापतीमुळे हाकेनश्मिट पुरेशा तयारीनिशी उतरू शकला नाही व गॉचने त्यास सलग दोनदा चीत केले. सर्व पैजा रद्द झाल्याचे लढतीपूर्वीच जाहीर करण्यात आले होते. प्रेक्षकांची घोर निराशा झाली आणि कुस्तीच्या सचोटीविषयीचा संशय बळावला. मात्र कुस्तीतून केवढा पैसा मिळू शकतो, हेही याच लढतीने दाखवून दिले.

यानंतर काही काळ कर्ली मुष्टियुद्धाकडे वळला. हेवीवेट गटातील पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन याची जिम फ्लिनबरोबरची लढत त्याने १९१२ मध्ये न्यू मेक्सिकोतील लास व्हेगास येथे भरविली. ५ एप्रिल १९१५ रोजी हॅवाना येथे जेस विलर्डने सव्विसाव्या फेरीत जॉन्सनचा पराभव केला. त्या लढतीच्या संयोजकांतही तो होता.

पुढे त्याने न्यूयॉर्क हे आपले केंद्र केले. तोपर्यंत निकाली कुस्ती कित्येकदा तासन्‌तास चाले व प्रेक्षक कंटाळत. जो स्टेकर व एड ‘स्ट्रँग्लर’ लुइस यांची १९१६ मधील ओमाहा येथील कुस्ती सु. पाच तास चालून बरोबरीत सुटली होती. तिकीट घेणाऱ्या प्रेक्षकास वेग, चुरस आणि निकाल हवा असे. यासाठी मल्लांशी करार करणे, त्यांच्या जोड्या ठरविणे व त्यांची कीर्ती वृत्तपत्रांतून वाढविणे ही कामे संयोजक करू लागला आणि अखेरीस निकालही त्याच्याच हाती गेला. ३० जानेवारी १९२० रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कर्लीने स्टेकर व अर्ल कॅडॉक यांची कुस्ती भरविली. तीत सु. दोन तासांनी स्टेकर विजयी झाला. या कुस्तीच्या चित्रपटाचा काही भाग आजही पाहावयास मिळतो. १९१० मध्ये लंडन येथे गामाशी झुंजलेला पोलिश मल्ल स्तानिस्लाव झ्बिश्को यानेही मे १९२१ मध्ये न्यूयॉर्क येथेच लुइसला हरवून जगज्जेतेपद मिळविले.

निकाल पूर्वनियोजित झाले, तरी मल्लांचे खरे कौशल्य निरुपयोगी झाले नव्हते. ठरलेला संकेत झुगारून प्रतिस्पर्ध्यास खरोखरच चीत करणारा मल्ल संयोजकांचा सारा बेत उधळू शकत असे. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फिया येथे झ्बिश्कोने वेन मन या जगज्जेत्यास असेच हरविले आणि विजेतेपद प्रतिस्पर्धी गटाच्या हातून निसटले.

१९३० नंतर जिम लोंडोस या ग्रीक वंशाच्या मल्लाच्या लोकप्रियतेमुळे न्यूयॉर्कमधील कुस्तीस भरभराट आली. १९३३ मध्ये कर्लीने बॉस्टन, फिलाडेल्फिया, सेंट लुइस आदी शहरांतील प्रमुख संयोजकांशी मल्ल व उत्पन्न यांच्या वाटपाचा करार केला. त्यातून वगळला गेलेला जॅक फेफर याने या व्यवसायातील गुपिते न्यूयॉर्कच्या डेली मिरर या वृत्तपत्रास पुरविली. २ मार्च १९३६ रोजी डिक शिकाटने संकेत मोडून डॅनो ओमाहोनी या जगज्जेत्यास पराभूत केले. त्यानंतरच्या न्यायालयीन वादात संयोजकांचे आपसांतील व्यवहार उघड झाले आणि त्यांची युती मोडली.

न्यूयॉर्क राज्यातील ग्रेट नेक येथे हृदयविकाराने कर्लीचे निधन झाले. त्याने कुस्तीला महानगरातील मोठा प्रेक्षकवर्ग व अनेक मल्लांना उपजीविका मिळवून दिली. परंतु मल्लाचे यश त्याच्या बळापेक्षा संयोजकाच्या मर्जीवर अवलंबून ठेवणारी व्यवस्थाही त्याच्याच काळात दृढ झाली. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचे पुढील स्वरूप या व्यवस्थेतूनच घडले.