खानदेशातली चौथी भाषा

१९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्रिभाषा सूत्र स्वीकारले. आपल्याकडे त्याचा अर्थ मराठी, हिंदी, इंग्रजी असा झाला. २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली. जळगाव-धुळ्याकडची अनेक मुले मात्र घरून अहिराणी, भिली किंवा पावरी घेऊन येतात. ग्रिअर्सनने १९०७ साली भारताच्या भाषिक पाहणीत खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांसोबत ठेवले होते. म्हणजे या मुलांना इंग्रजी चौथी भाषा. जी मराठी ती अजून शिकतच असतात, तिच्यातूनच आपण त्यांना इंग्रजी समजावतो.

‘ही गोज’ आणि ‘ही इज गोइंग’ यांतला फरक पाहू. मराठीत ‘तो जातो’ पुष्कळदा दोन्हींचे काम करते. अहिराणीत मात्र ‘तो जास’ आणि ‘तो जाई राहिना’ अशी दोन निराळी रूपे आहेत. ती फळ्यावर इंग्रजी वाक्यांशेजारी लिहिली, तर हा फरक मुलांच्या बोलण्यात आधीपासूनच आहे हे त्यांना दिसेल.

२०२० च्या धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले. २०२५ साली महाराष्ट्रात वाद रंगला, तो पहिलीपासून हिंदी हवी का यावर. तिसरी भाषा कोणती, हे शासन ठरवील. पहिली भाषा वर्गात बोलू द्यायची की नाही, हे आपल्या हाती आहे.